म्हशीला एक न्याय

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यात म्हैस माजावर आली की ती खासगी बाब राहत नाही. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, पहाटे गोठ्यातून परततानाच जाहीर करतात, "रातभर वरडालीय. सोट बी टाकलाय, काचंवानी. फोन लावा कुणीतरी." मामंजी चष्मा चढवून भिंतीवरच्या कॅलेंडरात मागची फुली शोधतात आणि एकवीस दिवस बोटांवर मोजतात. शेजारचे तात्या राखुंडी लावता लावता कुंपणावरून सल्ला देतात: सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, संध्याकाळी दिसला तर उद्या सकाळी, घाई कराल तर उलटंल. दीर संस्थेत फोन करतो. गोकुळ दूध संघ १९६३ सालचा, त्याची कृत्रिम रेतनाची सेवा गावोगाव पोचलेली. थोड्या वेळात एक गृहस्थ उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनची टाकी मोटारसायकलला बांधून दारात हजर. काम उरकलं की त्यांना चहा. चहाबरोबर चर्चा: मागच्या खेपेला का उलटली, या वेळी गाभण राहील का, मिनरल मिक्स्चर चालू आहे का. तिथे आजोबा असतात, शाळेला निघालेला पुतण्या असतो, मी असते. कुणी खाकरत नाही, कुणी विषय बदलत नाही.

मग ते गृहस्थ जातात आणि कपबशा उचलायला आलेल्या माझ्याकडे बघून चुलतसासूबाई भुवई वर करतात. "काय गं? काय इशेष?"

म्हशीसाठी अख्खी परिषद आणि माझ्यासाठी एक भुवई.

जनावरांचे डॉक्टर 'मुका माज' नावाचा एक प्रकार सांगतात. म्हैस आतून माजावर असते, पण बाहेर काही दाखवत नाही. ओरडणं नाही, अस्वस्थपणा नाही. उन्हाळ्यात हे जास्त. मालक बेसावध राहतो आणि एकवीस दिवसांचा फेरा वाया जातो. बायकांना निसर्गाने हा मुका माज कायमचाच देऊन ठेवला आहे. महिन्यातून एकदा अंडाशयातून एक अंडं सुटतं, ते १२ ते २४ तास टिकतं, आणि या समारंभाचं निमंत्रण ना नवऱ्याला, ना घराला, ना खुद्द यजमानीणबाईंना. पुरुषाचं बीज मात्र चिवट. बाईच्या शरीरात ते पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतं. अमेरिकेत विल्कॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ बायकांचा अभ्यास करून १९९५ मध्ये हिशेब मांडला: दिवस राहतात ते सहाच दिवसांच्या संबंधांतून, अंडं सुटतं तो दिवस आणि त्याच्या आधीचे पाच. इतर दिवशी कितीही उत्साह दाखवा, उपयोग शून्य.

हे आपल्याला कुणी सांगितलेलं नसतं. शाळेत प्रजननाचा धडा आला की बाई म्हणायच्या, "हा घरी वाचा." घरी वाचायला बसलं की आई म्हणायची, "ते राहू दे, अभ्यास कर." मराठीत या गोष्टी सरळ भाषेत लिहिण्याचा हट्ट र. धों. कर्व्यांनी धरला, १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं. बदल्यात त्यांना नोकरी सोडावी लागली आणि खटले वाट्याला आले; त्यांतल्या एका खटल्यात, १९३४ साली, त्यांची बाजू डॉ. आंबेडकरांनी मांडली. पण त्यांचाही भर मूल होऊ कसं द्यायचं नाही यावर. सरकारचाही तोच. लाल त्रिकोण भिंतीभिंतीवर रंगवला गेला, पण ज्यांना मूल हवंय त्यांच्यासाठी कुणी एक वीटही रंगवली नाही. त्यामुळे लग्नाच्या आधी दहा वर्षं 'सांभाळून' राहायला शिकलेली माझी पिढी लग्नानंतर अशा समजुतीत असते की सांभाळणं सोडलं की झालंच.

झालं नाही. मग पट्टी आली.

बाजारात पाच पट्ट्यांचं खोकं मिळतं. मिळतं म्हणजे, मागता आलं पाहिजे. औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं पांगेपर्यंत मी खोकल्याच्या औषधांची नावं वाचत उभी राहिले आणि मग हळूच म्हटलं, "ओव्ह्युलेशन किट आहे का?" पोरगं कामाला नवं होतं. त्याने प्रेग्नन्सीचं किट काढून ठेवलं. हे नव्हे, म्हटलं. त्याने आत बघून हाळी दिली, "मालक, ह्या वैनींना प्रेग्नन्सीच्या आधीचं पायजे!" तेवढ्यात आत शिरलेले दोन पुरुष एकदम बाहेरचा पाऊस बघायला लागले. मालकांनी खोकं आधी पेपरात गुंडाळलं, मग काळ्या पिशवीत घातलं, वर रबर लावलं. त्याच रस्त्यावर लोक रविवारच्या मटणाच्या पिशव्या हलवत, एकमेकांना भाव विचारत चालले होते. माझी पिशवी छातीशी.

पट्टीचं काम असं. अंडं सुटायच्या आधी पिट्युटरी ग्रंथीतून एलएच नावाच्या संप्रेरकाची एकदम लाट येते. ती लघवीत उतरते. लाट सुरू झाल्यापासून साधारण २४ ते ३६ तासांत अंडं सुटतं. पट्टीवर दोन रेघा, एक तपासणीची, एक तुलनेची. प्रेग्नन्सीच्या पट्टीवर पुसटशी रेघ उमटली तरी लोक पेढे आणायला धावतात. इथे पुसट रेघेला किंमत नाही. तपासणीची रेघ तुलनेच्या रेघेइतकी किंवा तिच्याहून गडद पाहिजे. आता 'इतकी' म्हणजे किती, हे ठरवायला आमच्या शहरातल्या घरात तज्ज्ञ होता. नवरा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. कास्टिंग पास की रिजेक्ट, यापलीकडे जगात तिसरा प्रकार असतो हे त्याला मान्य नाही. त्याने पट्टी ट्यूबलाइटखाली धरली, मग मोबाइलच्या टॉर्चखाली, मग गॅलरीत नेऊन दिवसाच्या उजेडात. समोर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी विचारलं, "काय हो, काय बघताय एवढं?"

"पाणी टेस्ट करतोय," तो म्हणाला. "बोअरचं."

दुसऱ्या महिन्यापासून त्याने पट्ट्या वहीत चिकटवून प्रत्येकीखाली तारीख, वेळ आणि शेरा लिहायला सुरुवात केली. 'बॉर्डरलाइन. रीचेक.' एका पट्टीखाली 'अ‍ॅक्सेप्टेड विथ डेव्हिएशन'. त्या दिवशी मी वही जप्त केली. असल्या शेऱ्यावर कुणाचं मन रमत नाही.

वेळेचंही त्रांगडं असतं. सकाळची पहिली लघवी प्रेग्नन्सीच्या तपासणीला उत्तम. या पट्टीला दुपार बरी, कारण लाट पुष्कळदा पहाटे उठते आणि लघवीत दिसायला वेळ लागतो. शिवाय आधी दोन तास पाणी बेताने प्यायचं, नाहीतर सगळंच पातळ. म्हणजे मी कामाला आहे त्या पतसंस्थेत, मार्चअखेरीच्या वसुलीच्या धबडग्यात, दुपारी पर्स घेऊन एकुलत्या एक स्वच्छतागृहात जायचं आणि रेघ उमटेपर्यंत बाहेर यायचं नाही. बाहेरून शिपाईमामा दार वाजवणार, "म्याडम, बरं हाय न्हवं?" आणि सुट्टीच्या दिवशी कुणाकडे जेवायला गेलं की पांढऱ्या रश्श्याची वाटी येते, दुसरी येते, तिसरीला नको म्हटलं तर यजमान रुसतात. तीन वाट्या रस्सा प्यालेल्या बाईच्या पट्टीवर विसंबू नये, ही सूचना कुठल्याही खोक्यावर छापलेली नाही. कोल्हापुरासाठी तरी छापायला हवी. एक सूचना मात्र खरोखर गंभीर आहे: पीसीओएस हा अंडाशयाचा विकार असलेल्या बायकांत एलएच एरवीच चढलेलं असू शकतं, मग पट्टी उगाचच हो हो म्हणत राहते.

पट्टीनंतर थर्मामीटर. अंडं सुटलं की प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि शरीराचं तापमान पाव ते अर्धा अंश सेल्सिअस चढतं. ते मोजायचं जाग आल्याबरोबर, न उठता, न बोलता. गावी गेलो असताना पहाटे तो पीप पीप वाजला. पलीकडून आत्याबाई, "कुणाला ताप हाय?" माझ्या तोंडात थर्मामीटर. माझं गप्प राहणं म्हणजे ग्लानी, असं ठरवून त्यांनी आल्याचा काढा आणला, कपाळाला हात लावला आणि मला दिवसभर वाकळेत घालून ठेवलं. या उपकरणाचा खरा दोष पुढेच आहे. तापमान चढलेलं दिसतं तोवर अंडं सुटून गेलेलं असतं. चार महिन्यांचे आकडे मांडले की आपली चाल कळते, त्या महिन्याला उपयोग नाही.

फोनमधली कित्येक अ‍ॅप्स तर निव्वळ पंचांग. कुणाचंही शरीर असो, अठ्ठावीस दिवसांची पाळी आणि चौदाव्या दिवशी अंडं. मुळात क्यूसाकू ओगिनो या जपानी डॉक्टरांनी १९२४ मध्ये सांगितलं ते उलटं होतं: अंडं सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. पुढची पाळी कधी येणार हे आधीच ठाऊक असेल तर यासारखी सोपी गोष्ट नाही. ओगिनोंचा हा शोध मूल टाळण्यासाठी वापरायला त्यांचाच विरोध होता, त्यावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून. जगाने नेमकं तेच केलं, आणि आपण त्यातही पुढे. देशाचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम १९५२ चा. तेव्हाच्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना साधनं नको होती, संयम हवा होता. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने दिल्लीच्या लोदी कॉलनीत आणि तेव्हाच्या म्हैसूर राज्यातल्या रामनगरममध्ये 'सुरक्षित दिवसां'चा प्रयोग झाला. बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या. रोज एक मणी सरकवायचा. हिरवा मणी म्हणजे खुशाल, लाल म्हणजे लांब राहा. प्रयोग फसला. म्हणजे या पद्धतीने मुलं झालीच, फक्त ज्यांना नको होती त्यांना. ती माळ आज माझ्या हातात कुणी दिली असती तर लाल मण्यांवर मी हळदकुंकू वाहिलं असतं.

सगळ्यांत भरवशाची घरगुती खूण फुकट आहे. अंडं सुटायच्या आधीच्या दिवसांत अंगावरून जाणारं पाणी बदलतं. पारदर्शक, निसरडं, बोटांत धरून ताणलं तर तार निघावी असं. ऑस्ट्रेलियातल्या जॉन आणि एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने यावर अख्खी पद्धत उभी केली. मी ते वर्णन वाचत होते आणि हे आपण कुठेतरी ऐकलंय असं सारखं वाटत होतं. कुठे म्हणजे काय? गोठ्यात. म्हशीचा सोट तो हाच.

पुढच्या खेपेला गावी गेले तेव्हा धार काढत बसलेल्या आत्याबाईंच्या शेजारी जाऊन टेकले. पंढरपुरी म्हैस, खांद्याच्याही मागे गेलेल्या शिंगांमुळे तिच्या शेजारी बसायचं तर जरा अंग चोरावं लागतं.

"आत्याबाई, सोट कसा ओळखायचा?"

"कुणाचा?"

"म्हशीचा."

त्यांनी मान वर केली नाही. चरवीत धार वाजत राहिली. "काचंवानी असतोय. तार तुटत न्हाई. ती तार हाय तवरच सगळं. ढवळा झाला की संपलं, मग धावपळ करून काय बी उपेग न्हाई."

"आणि मुका माज असला तर?"

"मग रोज ध्यान ठेवाय लागतंय. येक दिस चुकला की म्हयना गेला." म्हशीचा फेरा एकवीस दिवसांचा असतो हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. महिना त्यांनी मुद्दाम घातला. मग दुसऱ्या सडाला हात लावत म्हणाल्या, "आन् हे बघ, म्हस गाभण ऱ्हातीय, कारण तिला कुणी सारखं इचारत न्हाई. म्हशीचं सांगतोय मी."

डॉक्टरी पुस्तकं काळजीला इतकं महत्त्व देत नाहीत. पण त्या संध्याकाळी चुलतसासूबाईंची भुवई वर जायला लागली तेव्हा आत्याबाईंनी त्यांना चुलीवरचं दूध बघायला पिटाळलं, हा उपचार मला कुठल्याही गोळीने मिळाला नसता.

दिवस कळला म्हणून संध्याकाळ आपली असते असं नाही. ज्या दुपारी पट्टीने खणखणीत होकार दिला, नेमका त्याच दुपारी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम मंडळ, म्हणजे पीटीएम, आणि शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना. नवरा शाळेपासूनचा पीटीएमवाला. गेला, ओरडून घसा बसवला, हरलेल्या संघासारखा रात्री उशिरा घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. त्या महिन्याची जबाबदारी रेफ्रीची. मग ऑगस्ट २०१९. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमचं घर उंचावर, त्यामुळे नदीकाठचे सगळे पाहुणे आमच्याकडे. हॉलमध्ये माणसं, स्वयंपाकघरात माणसं, आमच्या खोलीत दोन आत्या आणि एक बाळंतीण. त्या आठवड्यात रेघ अशी गडद उमटली की क्वालिटीवाल्याने टॉर्चसुद्धा काढला नाही. "पास," तो पुटपुटला आणि चादर घेऊन जिन्यात मामांच्या रांगेत झोपायला गेला. पाहुणे गेले, पाणी ओसरलं, आणि निघताना प्रत्येक मामीने माझी ओटी भरून तोच आशीर्वाद दिला, ज्याच्या आड त्या आठ दिवस झोपल्या होत्या.

'वंशाला दिवा' हा शब्दही त्याच ओटीबरोबर येतो. कोल्हापुरात तरी हे बोलताना जरा दमाने घ्यावं. ज्या शाहू महाराजांचं नाव घेतल्याशिवाय इथे भाषण सुरू होत नाही, ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव. १७ मार्च १८८४ ला ते करवीरच्या गादीवर दत्तक आले. त्यांच्या आधीचे महाराज दत्तक, त्यांच्या आधीचे राजारामही दत्तक. या गावाला सगळ्यांत मोठा राजा मिळाला तो पाळण्याची वाट न बघता. आणि दिव्याच्या हट्टापायी काय झालं तेही याच जिल्ह्याने पाहिलं आहे: २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली ८३९, दहा वर्षांनी ८६३. सोनोग्राफीच्या खोलीबाहेर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' अशी पाटी असते आणि तिच्याखालच्या बाकावर 'फॉलिक्युलर स्टडी'साठी, म्हणजे अंड्याची वाढ बघायला, आलेल्या आम्ही, पदर सारखा करत, एकमेकींकडे न बघता बसतो. अंडं कधी सुटतं हे विचारायची लाज, पोटात काय आहे हे विचारायची नव्हती.

त्या बाकावर एक गोष्ट लक्षात येते. सगळ्या बायकाच असतात. नवरे खाली गाडी लावत असतात, आणि ती लावायला त्यांना दोन तास लागतात.

परत एकदा गोठ्यात जाऊ. म्हैस वारंवार उलटली की डॉक्टर काय विचारतात? माज बरोबर ओळखला का, वेळ साधली का, खाणं कसं आहे. वळूबद्दल विचारावं लागत नाही, कारण त्याचं काम आधीच झालेलं असतं. वीर्याची प्रत्येक खेप सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, त्यातलं किती जिवंत आणि किती हलतं ते बघतात, मगच ती गोठवून गावात येते. नापास खेप गावापर्यंत पोचतच नाही, आणि त्यात वळूचा अपमान झाला असं कुणी म्हणत नाही. आमच्या घरी मी पट्ट्या केल्या, तापमान मोजलं, रक्त दिलं, थायरॉइड झालं, सोनोग्राफी झाली आणि मग कधीतरी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मिस्टर काय करतात?" फाउंड्री म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. भट्टीत लोखंड १४०० अंशांच्या पुढे असतं आणि पुरुषाच्या वृषणांना शरीरापेक्षाही दोन-तीन अंशांनी गार राहावं लागतं. रोजची धग बीजाला मानवत नाही. ज्या माणसाने रोज शेकडो कास्टिंग तपासली, माझ्या रेघांना शेरे दिले, त्याचीच इन्स्पेक्शन राहून गेली होती. त्याला हे सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सॅम्पल प्लॅनमध्ये हे पहिल्यांदा पाहिजे होतं." मी वही परत दिली.

पुढे काय झालं, ते इथे लिहिणार नाही. ते विचारणं म्हणजेच 'काय इशेष'. जगात दर सहा माणसांतल्या एकाला आयुष्यात कधी ना कधी मूल होण्यात अडचण येते, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं आहे. म्हणजे आमच्या गल्लीतही आम्ही एकटे नाही, फक्त बाकी सगळेही बोअरचं पाणीच टेस्ट करतायत.

तर पट्ट्या खुशाल वापरा. वेळ कळते, त्यापलीकडे काही कळत नाही. बाईचं वय पस्तिशीच्या आत असेल तर वर्षभर, पस्तिशी ओलांडली असेल तर सहा महिने, आणि पाळी फार अनियमित असेल तर तेवढंही न थांबता डॉक्टर गाठा. पहिल्याच खेपेला दोघे जा, आणि गाडी कुणा दुसऱ्याला लावू द्या. पुरुषाच्या तपासणीला दोन ते सात दिवसांचं पथ्य आणि एक डबी लागते. सुई नाही, भूल नाही, सोनोग्राफीचं गार जेल नाही. ती सगळ्यांत आधी करून घ्या.